सर्व हक्क राखीव, कक्ष क्रमांक शून्य

माझ्या हातून चूक होत नाही, हे मी सुरुवातीलाच नम्रपणे नमूद करतो. तंत्रनिकेतनात असताना लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणायचा असे. इतरांना त्यासाठी दोन दिवस लागले, मला अकरा लागले. कारण इतरांचा काटकोन नव्वद अंशांच्या आसपास होता आणि माझा नव्वदच होता! त्या ठोकळ्याचा मी आजही कागद दाबण्यासाठी उपयोग करतो.

कार्यालयात मला 'ओळंबा' म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव ठेवणाऱ्यांना वाटले, आपण टिंगल केली. मी मात्र ते पदवीसारखे मिरवले.

आमची कंपनी रुग्णालयांसाठी प्रोग्राम तयार करते. रुग्ण खिडकीवर नोंदणी करतो, हॉलमध्ये बसतो, पाळी आली की पडद्यावर त्याचे नाव उमटते आणि वरून हाक येते, "अमुक अमुक, कृपया कक्ष क्रमांक सात मध्ये यावे." हा प्रोग्राम मी १९८४ साली एकट्याने लिहायला घेतला. तेव्हा तो नावे आणि वाक्ये फक्त पडद्यावर दाखवी, बोलायला पुढे शिकला. त्याला बोलायला शिकवले ते माझ्या पत्नीने.

ती शिक्षिका होती, वाणी स्वच्छ. घरातल्या कपड्यांच्या कपाटात, लोंबत्या कपड्यांमध्ये उभी राहून तिने अकरा दिवस एकेक अक्षर उच्चारले. आकडे आणि ठरलेली वाक्ये अखंड घेतली. अक्षरे सुटी घेतली, म्हणजे ती जोडून कोणाचेही नाव तयार करता येईल. जोडाक्षरांच्या वेळी मात्र तिने साफ नकार दिला.

"अर्धं काही मी बोलत नाही!" ती कपाटातून म्हणाली.

तेव्हापासून आमचे यंत्र अर्धे अक्षर गिळते. ज्यांच्या नावात जोडाक्षर आहे अशा रुग्णांनी वीस-बावीस वर्षे उरलेल्या नावावर भागवले. कोणाची तक्रार आली नाही. आजारी माणूस हाकेला ओ देतो, शुद्धलेखन तपासत बसत नाही.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना आमच्या व्यवस्थापिकाबाईंनी मला बोलावले. त्या वयाने माझ्या निम्म्या, पण कामाला चोख.

"काका, ही आपली हक्काची सूचना. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तुम्ही ती टंकून ठेवलीय. किती फायली आहेत माहिती आहे?"

"तीनशे सतरा," मी तत्काळ सांगितले.

"आणि सूचना किती तऱ्हेच्या आहेत?"

हे मला माहीत नव्हते!

"एकोणीस! कुठे 'सर्व हक्क राखीव', कुठे 'सर्व हक्क राखून', आणि इथे बघा, 'सर्व हक्क राख'! पुढचं कुणी खाल्लं?"

"दुपारची सुटी झाली असेल," मी पुटपुटलो.

"ते काही नाही. सूचना एकाच जागी ठेवा. स्थिरांक करा तिचा."

स्थिरांक म्हणजे प्रोग्रामला जी किंमत वाचता येते पण बदलता येत नाही ती. दाराच्या चौकटीसारखी, उंच माणसाने वाकायचे, चौकटीने नाही. ही कल्पना मला पहिल्यापासून फार प्रिय आहे.

"आणि नाव कोणाचं ठेवायचं?" मी खिडकीबाहेर पाहत, काहीच फरक पडत नसल्यासारखे विचारले.

"तुमचंच की! कंपनीच्या थोरल्या साहेबांनी तुम्हाला तसं लिहून दिलंय. फक्त शुक्रवारच्या आत आटपा. शुक्रवारी रुग्णालयाच्या अधीक्षकांची सही आहे. सही झाली की ही आवृत्ती त्यांच्या चारही शाखांत जाईल. नाही झाली, तर ते दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेणार आणि आपलं कायमचं बंद करणार."

वाचकहो, आम्हाला मूलबाळ नाही. आपल्या नावापुढे आमचे नाव लावणारे मागे कोणी नाही. जे काही आहे ते त्या तीनशे सतरा फायलींत आहे. शुक्रवारी सही झाली असती, तर मी घरी बसल्यावरही माझे नाव चार इमारतींच्या पोटात चालू राहिले असते. कोणी ते वाचले नसते हे मला समजते. पण ते तिथे आहे हे मला ठाऊक असते, आणि तेवढे पुरे होते.

त्या रविवारी मी कामाला बसलो. तीनशे सतरा सूचना पुसल्या आणि एकच लिहिली. माझे संपूर्ण नाव, त्यापुढे १९८४–२०२३, त्यापुढे 'सर्व हक्क राखीव'. पहिले वर्ष कामाच्या आरंभाचे, दुसरे अखेरच्या बदलाचे. काही लोक दुसरे वर्ष आपोआप पुढे सरकू देतात. मला ते पटत नाही. ज्या वर्षी काम केले नाही, त्या वर्षाचा हक्क कोणत्या तोंडाने सांगायचा?

आता ही सूचना ठेवायची कुठे? प्रोग्राममध्ये सर्व ठरलेल्या वाक्यांची एक यादी आहे. क्रमांक एकला 'आपली पाळी येईपर्यंत कृपया बसून राहावे', तर क्रमांक दोनशे तेराला 'वीज गेल्यास घाबरू नये'. हक्काची सूचना सर्वांच्या वर हवी, ही जगाची रीत. एकाच्या वर काय असते? शून्य. मी शून्याची जागा उघडून पाहिली, तर ती रिकामी!

इतकी वर्षे ती रिकामी का राहिली असेल, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. पडला नाही. मला वाटले, माझ्यासाठीच राखीव आहे!

मग चाचणी घेतली. दहा हजार काल्पनिक रुग्ण तयार केले, त्यांना रांगेत बसवले, एकेकाला बोलावले. एकही चुकला नाही. सोमवारी नवी आवृत्ती रुग्णालयात बसवली गेली.

मंगळवारी दुपारी तिथल्या नोंदणी खिडकीवरच्या ताईंचा फोन आला. या ताई मला आवाजाने ओळखतात, चेहऱ्याने नाही. आमचे जे काही भांडण होते ते सारे फोनवर.

"ओळंबा काका, तुमचं यंत्र कुणाला तरी बोलावतंय हो."

"बोलावणारच. त्याचं कामच ते."

"पण हॉलमध्ये कुणी नाहीये."

"मग ऐकतं कोण?"

"मी ऐकते ना! दुपारी बाहेरचे रुग्ण संपले की सुरू होतं. हॉल रिकामा होतो, आणि मग ते कुणालातरी हाक मारतं."

"नाव कोणाचं घेतं?"

"ते नाही सांगता येणार. रुग्णाचं नाव बाहेर सांगायचं नाही, असा तुम्हीच नियम घातलाय."

नियम माझाच होता, म्हणून मी कक्षाकडे वळलो.

"बरं, कोणत्या कक्षात बोलावतं?"

पलीकडे खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

"शून्य."

"शून्य क्रमांकाचा कक्ष आपल्याकडे नाही," मी म्हणालो.

"नाही ना! एक ते चोवीस आहेत. नंबर नसलेलं दार एकच आहे काका. तळघरातलं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "जिथे देह ठेवतात ते."

मी त्यांना तारा तपासायला सांगितल्या. माणसाला काही सुचले नाही की तो दुसऱ्याला तारा तपासायला सांगतो.

बुधवारी फोन व्यवस्थापिकाबाईंना गेला. या वेळी थेट अधीक्षकांचा. बाईंनी तो ऐकून घेतला आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, त्यांच्याकडे काहीतरी भलतंच चाललंय. पडद्यावर एक नाव येतं, कुणाचं ते नियमामुळे सांगत नाहीत, पुढे जन्मसाल आणि मृत्यूसाल येतं, आणि मग आवाज येतो, 'शव. हाक. राख.'"

"काय?"

"शव, हाक, राख! तीन वेळा ऐकलंय त्यांनी. सफाईच्या मावशी तळघराच्या जिन्याकडे जायला तयार नाहीत. वॉर्डातले दोन रुग्ण टाके न काढताच पळून गेले. अधीक्षक म्हणतात, शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर सही विसरा."

'शव', 'हाक', 'राख' असे शब्द यादीतल्या दोनशे तेरा वाक्यांपैकी एकातही नाहीत. मी ते लिहिलेले नाहीत, माझ्या पत्नीने ते उच्चारलेले नाहीत. मग ते यंत्राच्या तोंडी आले कुठून?

गुरुवारी दुपारी जेवण करून मी स्वतःच रुग्णालयात गेलो.

अडीच वाजले होते. हॉलमध्ये शहाण्णव खुर्च्या होत्या आणि शहाण्णवही रिकाम्या. फरशी नुकतीच पुसलेली. औषधी साबणाचा वास होता. उंच खिडक्यांतून ऊन येत होते, पण ते उन्हासारखे वाटत नव्हते. काचेच्या बरणीत भरून ठेवल्यासारखे स्थिर होते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा प्रत्येक पावलाला किंचित मागे येऊन पुढे जाई. नोंदणी खिडकीवर कोणी नव्हते. आतल्या खोलीतून कोणीतरी फोनवर कुजबुजत होते. मी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसलो. भिंतीला पाठ लावायचे तसे काही कारण नव्हते.

पडदा काळा होता. त्यात मला माझे प्रतिबिंब दिसत होते, फार लहान आणि फार लांब.

टिंग.

वरून माझ्या पत्नीचा आवाज आला. आजचा नव्हे, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, कपाटातला. तिने एकेक अक्षर सुटे टाकत एक नाव घेतले. त्यात अक्षरे कमी होती, मधे मधे खड्डे पडलेले होते. एखादा दगड झिजून त्यावरची अक्षरे अर्धवट उरावीत, तसे ते नाव होते. आणि तरीही मला ते कळले. कारण ते माझे होते!

पडदा उजळला. त्यावर माझे संपूर्ण नाव, स्वच्छ टंकात. खाली १९८४–२०२३.

"एक हजार नऊशे चौऱ्याऐंशी ते दोन हजार तेवीस," ती म्हणाली. "सव. हक. राखीव. कृपया कक्ष क्रमांक शून्य मध्ये यावे."

वाचकहो, मी तंत्रशिक्षण घेतलेला मनुष्य आहे. ध्वनी म्हणजे हवेतील कंपने, हे मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून ठाऊक आहे. परंतु चाळीस वर्षांच्या संसारात त्या आवाजाने हाक मारली आणि मी उठलो नाही, असे एकदाही घडलेले नाही. माझे पाय माझ्या परवानगीविना उभे राहिले! मी खुर्च्यांच्या रांगांतून चालू लागलो. कक्ष तीन, कक्ष दोन, कक्ष एक. आणि त्यापुढे, एकाच्या अलीकडे जिथे शून्य असायला हवे अगदी तिथे, खाली जाणारा जिना होता. जिन्यातून थंड हवा वर येत होती. खाली एक दार दिसत होते. त्यावर क्रमांक नव्हता.

पहिल्या पायरीवर सफाईच्या मावशी बादली घेऊन बसल्या होत्या. खाली जायचे धैर्य नाही, वर गेले तर ओरडा बसेल, म्हणून मधल्या मधे बसलेल्या. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुम्ही... हाकेला उठलात?"

"होय."

"ते नाव तुमचं?"

"होय. माझंच."

बादली तीन पायऱ्या घरंगळली. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. भीतीच्याही पलीकडे एक कुतूहल असते, ते त्यांच्या डोळ्यांत दिसले.

"कधी गेलात?"

"कुठे?"

"तसं नव्हे." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. "चौऱ्याऐंशीचा जन्म, म्हणजे एकोणचाळीस. अगदीच अकाली हो! पण दिसता मोठे."

"अहो, मी सदुसष्ट वर्षांचा आहे!"

"तिकडे वय भराभरा वाढतं का?"

मी उत्तर देण्याआधीच नोंदणीच्या ताई आतून बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक, हातात वही. मी वळून अत्यंत सभ्यपणे म्हणालो, "नमस्कार ताई. मी आलो," आणि माझे संपूर्ण नाव सांगितले.

ताईंनी जो आवाज काढला, तो माझ्या पत्नीने ध्वनिमुद्रित केलेल्या कोणत्याही अक्षरात मोडत नाही.

"आत्ताच तर मी नोंद..." एवढेच बोलून त्यांनी वही छातीशी धरली.

"कसली नोंद?"

"काही नाही! काही नाही! तुम्ही आधी खुर्चीला हात लावून दाखवा!"

मी खुर्चीला हात लावला. खुर्ची हलली. मावशींनी पुढे होऊन माझ्या कोपराला बोट लावले आणि किंचित निराश झाल्या.

"अहो, मी ओळंबा!" मी अखेर ओरडलो. "तुमचा फोनवरचा ओळंबा काका!"

"तुमचं खरं नाव हे?" ताई मटकन खाली बसल्या. "मग तुम्ही यंत्रात कशाला जाऊन बसलात?"

प्रश्न अचूक होता, आणि त्यासरशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रांग संपली की प्रोग्राम विचारतो, 'पुढे कोण?' उत्तर येते, 'शून्य.' मग तो शून्याच्या जागी काय आहे ते वाचतो. १९८४ साली यंत्रात जागा इतकी थोडी असे, की नावांची यादी आणि वाक्यांची यादी या दोहोंना मिळून मी शून्याची एकच जागा दिली होती, आणि ती मुद्दाम कोरी ठेवली होती. तिथे काही नाही असे दिसले की यंत्राने गप्प बसायचे. हॉलमध्ये इतकी वर्षे जी शांतता होती, ती आपोआप नव्हती. ती मी लिहिलेली होती! तिला घर होते, घराला क्रमांक होता, आणि त्या घरावर मी रविवारी माझ्या नावाची पाटी ठोकून आलो होतो.

दहा हजार रुग्णांची चाचणी मी घेतली. शून्य रुग्णांची घेतली नाही.

राहिले ते शव, हाक आणि राख. 'सर्व'मधला अर्धा र यंत्राने गिळला, 'हक्क'मधला अर्धा क गिळला. 'सव हक राखीव.' रिकाम्या हॉलमध्ये एकट्या माणसाच्या कानांनी उरलेले काम केले.

तिथेच बसून मी शून्य पुन्हा कोरे केले आणि सूचना यादीच्या तळाशी, दोनशे चौदाव्या जागी नेली. मग आम्ही तिघे पाऊण तास रिकाम्या हॉलमध्ये बसलो. यंत्र गप्प होते. खरे सांगतो, ती शांतता ऐकताना मला पहिल्यापेक्षा अधिक भीती वाटली. आता तिच्यात मी नव्हतो, एवढेच.

घरी आलो तर पत्नी दारातच.

"दुपारी एका बाईंचा फोन होता. विचित्रच बाई! मी 'हॅलो' म्हटलं तर किंचाळल्या."

"काय म्हणाल्या?"

"तुमचं नाव घेऊन विचारलं, आहेत का? मी म्हटलं, ते गेले."

"मग?"

"मग म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, आत्ताच, जेवण झाल्यावर. म्हणाल्या, कसे हो? म्हटलं, कसे म्हणजे, चालत! मग बराच वेळ बोलेचनात. मला वाटलं फोन तुटला. तेवढ्यात विचारतात, तुम्हीच बोलावता का त्यांना? मी म्हटलं, बाई, मी गेली चाळीस वर्षं बोलावते आहे, एका हाकेत येतील तर शपथ!"

मी डोळे मिटून घेतले. सगळ्या रुग्णालयाला जो आवाज मृतांना हाका मारताना ऐकू येत होता, त्याच आवाजाने त्या बिचाऱ्या ताईंना घरच्या फोनवर एवढे सगळे सांगितले होते!

शुक्रवारी अधीक्षक आले. गंभीर गृहस्थ, हात मागे बांधून चालणारे. मी त्यांना फळ्यावर आकृती काढून सर्व समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकले.

"यंत्र दुरुस्त झालं, हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण माझ्या मावशी तो जिना पुसत नाहीत. ताई फोन उचलत नाहीत. सही करतो, पण एका अटीवर. त्या सूचनेत हे नाव राहता कामा नये."

"ते आता दोनशे चौदाव्या जागी आहे," मी म्हणालो. "तिथून ते कधीच बोलणार नाही."

"शून्याच्या जागेवरूनही ते कधी बोलणार नव्हतं."

व्यवस्थापिकाबाई माझ्याकडे पाहत होत्या. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "मी करू का?"

"नको. माझी फाइल आहे."

स्थिरांक प्रोग्रामला बदलता येत नाही. लिहिणाऱ्याला येतो. मी दोनशे चौदावी जागा उघडली. माझे संपूर्ण नाव एकोणीस अक्षरांचे आहे, अर्धी धरून. सगळे एकदम पुसता आले असते. पण मी एकेक अक्षर पुसले, एकोणीस वेळा कळ दाबली, कारण घाईने केलेले काम मला आवडत नाही. त्या जागी कंपनीचे नाव लिहिले. अधीक्षकांनी सही केली. माझा प्रोग्राम चारही शाखांत गेला आणि मी घरी गेलो.

निवृत्तीनंतर महिन्याभराने डोळे तपासायची वेळ आली. पत्नीला सोबत घेऊन मी त्याच खिडकीपाशी उभा राहिलो. ताईंनी मला पाहिले, माझे नाव टंकले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"काका, थोडी अडचण आहे."

"माझी नोंद सापडत नाही का? साहजिक आहे. नाव पुसलं मीच."

"ते सूचनेतलं पुसलंत. रुग्णांच्या यादीत तुमचं नाव आहे की!" त्यांनी गळा साफ केला. "पण... मयत म्हणून."

"काय?"

"त्या गुरुवारी हो! हाक थांबेचना. मी तुम्हाला आधी 'आले' म्हणून टाकलं, मग 'रद्द' म्हणून टाकलं, तरी थांबेना. म्हणून तुमच्या जुन्या नोंदीतला नंबर काढून घरी फोन केला. तर काकूंनी सांगितलं, ते गेले!"

"मी 'चालत गेले' असं म्हटलं होतं," पत्नी म्हणाली.

"आता काढा ती नोंद!" मी आवाज चढवला.

"निघत नाही. मयताला टोकन देत नाही यंत्र. आणि एकदा मयत केलं की परत जिवंत करता येत नाही. ही बघा, इथे कुणीतरी टीप लिहून ठेवलीय."

मी पडद्याकडे वाकलो. टीप नव्वद सालातली होती. भाषा नेमकी, विरामचिन्हे जागच्या जागी. 'मृत्यू हा स्थिरांक मानावा. नोंदीत बदल करण्याची सोय ठेवू नये.' खाली माझी आद्याक्षरे.

म्हणजे अखेर माझी इच्छा पूर्ण झाली होती. रुग्णांची यादी चारही शाखांना एकच, त्यामुळे माझे नाव चारही शाखांत होते, कायमचे, कोणालाही पुसता येणार नाही अशा जागी!

"मग यांचे डोळे कोण तपासणार?" पत्नीने विचारले.

ताईंनी थोडा विचार केला आणि इकडे तिकडे पाहून एक टोकन खिडकीतून सरकवले. "तुमच्या नावावर देते, काकू. हाक आली की काकांना पाठवा. डॉक्टरांना मी सांगते."

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मावशींनी मला ओळखले, मान हलवली आणि माझ्या बाजूची चार पावले फरशी न पुसता पुढे गेल्या.

टिंग.

वरून माझ्या पत्नीच्या आवाजात माझ्या पत्नीचे नाव आले. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने मला कोपराने ढोसले. आणि मी उठलो.

हक्क कोणाचे राखीव आहेत, हे तीनशे सतरा फायलींत लिहिण्याची मुळात गरजच नव्हती, वाचकहो. निदान आमच्या घरी तरी ते पहिल्यापासून एकाच जागी ठेवलेले होते!